जर्मनच्या पोटात

पारोळ्याच्या रुपचंदने झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच आनंदाने ओरडला, "साहेब, यामा तं हार्ड डिस्क शे!"

"असं का? छान!" लीलाधर झोपे म्हणाले. एखादी गोष्ट कळली नाही की कार्यालयीन अधीक्षकाने "असं का? छान!" म्हणायचं असतं. त्यात अज्ञानही दिसत नाही आणि जबाबदारीही येत नाही. झोपे यांची सगळी नोकरी या तीन शब्दांवर सुखात चालली होती.

"छान म्हंजे? आतेलोंग जे जे झेरॉक्स काढं, ते बठ्ठं हाई मशीन पोटमा धरी ठेवस. बटन दाबा का परत भाईर!"

झोपे यांच्या हातातला चहा बशीत सांडला, बशीतून टेबलावर, आणि टेबलावरून थेट त्यांच्या पांढऱ्या पॅन्टवर. चटका बसला, पण तो त्यांना संध्याकाळी कळला.

कारण सात शाळांच्या वार्षिक परीक्षेचे सगळे पेपर झोपे यांनी त्याच मशीनवर काढले होते. यावलपासून पारोळ्यापर्यंत पसरलेल्या 'तापीतीर शिक्षण मंडळा'त पेपर फोडण्याचं पाप आजवर घडलं नव्हतं, आणि त्याचं सगळं श्रेय झोपे स्वतःकडे घेत. पेपर काढताना ते दार लावून घेत, खिडकीला सतरंजी लावत, बाहेर उखर्डू शिपायाला बसवत. खराब निघालेला प्रत्येक कागद मागच्या अंगणात जाळत आणि राख स्वतः काडीने ढवळत. आणि आता कळत होतं, की एवढं सगळं करताना ज्याच्या समोर केलं, तोच सगळं पाठ करून बसला होता.

या मशीनला ऑफिसात 'जर्मन' म्हणत. मंडळाचा एक माजी विद्यार्थी जर्मनीत मोठ्या हुद्द्यावर होता, त्याने तिकडून वापरलेलं मशीन शाळेच्या प्रेमापोटी बोटीने पाठवलं होतं. नव्याण्णव सालात असलं मशीन अख्ख्या जळगावात दुसरं नव्हतं. त्याच्यावरची सगळी अक्षरं जर्मन होती. ती कुणालाच वाचता येत नसल्यामुळे हिरवं दाबलं की चालू आणि लाल दाबलं की बंद, एवढ्यावर संसार चालला होता. मधल्या पिवळ्या बटणाला कुणी हात लावत नसे. उखर्डूने एकदा धूळ पुसताना ते दाबलं, तेव्हा जर्मन अशा काही सुरात किंचाळला होता की शेजारच्या वर्गातले 'शांतता राखा' म्हणणारे गुरुजीसुद्धा बाहेर पळाले होते. पण त्याची काळी पावडर जर्मनीहूनच यायची, आणि माजी विद्यार्थ्याचं शाळेवरचं प्रेम पावडरीच्या तिसऱ्या डब्यापाशी आटलं. तेव्हा मंडळाने ठराव करून जर्मन रुपचंदला विकला. रुपचंदचं पारोळ्यात झेरॉक्सचं दुकान होतं आणि सुरतच्या मावसभावाकडून कसलीही पावडर कुठेही चालवून घेण्याची हातोटी होती.

"उद्या सांजले टेम्पो आणस," रुपचंद म्हणाला आणि जर्मनच्या पाठीवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारून गेला.

त्याचं ते दुकान पारोळ्यात मंडळाच्याच हायस्कूलसमोर होतं. झोपे यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: पिवळं बटण, गरम गरम बीजगणित, आणि समोर लागलेली नववीपर्यंतच्या पोरांची रांग. परीक्षा सोमवारी होती.

ते तडक सचिवांच्या खोलीत गेले. सचिव बन्सीलालभाऊ खुर्चीत मागे रेलून आपल्या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठाचे तीन रंग तीन अंतरांवरून पाहत होते. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची साठी होती. ग्रंथाचं नाव 'बन्सीचे सूर'.

"भाऊ, त्या झेरॉक्स मशीनमधला एक छोटासा भाग काढून ठेवावा म्हणतो."

खरं कारण सांगण्याची सोय नव्हती. गोपनीयतेची जबाबदारी झोपे यांची, तेव्हा गोपनीयता गेली तर नोकरीही झोपे यांचीच जाणार.

"काढून?" भाऊंनी चष्मा वर केला. "झोपे, ठरावात काय लिहिलंय? 'आहे त्या स्थितीत'. तुम्हीच लिहिलंय. एक स्क्रू काढायचा तरी दुरुस्ती ठराव लागेल. त्याला कार्यकारिणी. कार्यकारिणीला सात दिवसांची नोटीस. नोटिशीला झेरॉक्स. आणि झेरॉक्स तर तुम्ही विकला!"

भाऊ स्वतःच्या विनोदावर हसले. झोपेही हसले. पगार घेणाऱ्याला तेवढं करावं लागतं.

मग त्यांनी नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून नाशिकच्या एका इंजिनियरला फोन लावला. बूथमध्ये पंखा नव्हता आणि काचेच्या बाहेर चैत्रातलं जळगाव रटरटत होतं. इंजिनियर मोठा समंजस माणूस होता, पण समंजस माणसं सावकाश बोलतात आणि समोरचा लाल आकडा भराभर पळतो.

"साहेब, डिलीट करून उपयोग नाही. डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी काढली. भाडेकरू आतच असतो."

"मग भाडेकरूला काढायचं कसं?"

"त्याच्या जागेवर दुसरा भाडेकरू घालायचा. मग तिसरा. असं पुष्कळदा केलं की पहिल्याचा मागमूस राहत नाही. त्यासाठी प्रोग्रॅम लागतो."

"तो कुठे मिळेल?"

"पुण्यात बघा," इंजिनियर म्हणाला. नाशिकचा माणूस कुठलीही अडचण पुण्याला पाठवतो. झोपे घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे घरात कुणी गेलं की काय अशा नजरेने पाहिलं आणि हळूच बाजूला सरून वाट दिली.

घरी प्रमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नवऱ्याच्या ऑफिसातल्या अडचणी फार सोप्या वाटत. "पुसायचंच आहे ना? मग उखर्डूला सांगा, रॉकेलचं फडकं मारेल. शिलाई मशीनचं मी तेच करते."

"अगं, ते दिसत नाही! ते आत अदृश्य असतं!"

"दिसत नाही तर पुसायचं कशाला?"

एवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर देवचंद नानांचं डोकं उगवलं. नाना एसटीच्या धुळ्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीपासून सगळ्या कॉलनीला दुरुस्त करत होते. त्यांच्या हाताखालून गेलेले मिक्सर आता फक्त ताक करत, आणि वारकेंच्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई कायमची हिरवी झाली होती.

"लीलाधर, लोहचुंबक!" नाना म्हणाले.

"काय?"

"ही तुझी डिस्क म्हणजे काय? लोखंडी टेपरेकॉर्डर. माझ्या नातवाने कॅसेटवर लोहचुंबक ठेवला होता, सगळ्या आरत्या गेल्या. नुसतं फर्रर्र! सुटा भाग काढायला नको, ठराव नको. बाहेरून फिरवला की आतलं साफ. आहे त्या स्थितीत!"

झोपे यांना नाना पहिल्यांदाच देवासारखे दिसले. हे पुढे अनेकांना सांगताना ते खाली मान घालत, पण त्या संध्याकाळी दिसले एवढं खरं.

शुक्रवारी दुपारी नानांनी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडचा जळका स्पीकर फोडून त्यातलं चुंबक आणलं. भाकरीएवढं रुंद आणि पाटावरवंट्यातल्या वरवंट्यासारखं जड. ते कापडी पिशवीत घालून झोपे नानांच्या स्कूटरवर मागे बसले. पिशवी मांडीवर ठेवायची होती, पण ती आपणहून स्कूटरच्या पत्र्याला जाऊन चिकटली आणि तिच्याबरोबर झोपे यांच्या पॅन्टची एक चुणीही आत अडकली. त्यामुळे सबंध रस्ताभर त्यांना एका अंगावर बसावं लागलं. रेल्वे फाटकापाशी नानांनी स्कूटर एका भाजीच्या गाडीला खेटून उभी केली. झोपे यांनी संधी साधून पिशवी उपटली. ती सुटली, पण सुटलेल्या झटक्यात गाडीवर गेली. खट्ट! वांग्यांच्या ढिगाशेजारचं अर्ध्या किलोचं माप पिशवीला चिकटलं, आणि तेवढ्यात फाटक उघडलं.

"ओ साहेब! माप चोरता का?" भाजीवाली ओरडली.

झोपे यांनी आयुष्यात ऑफिसची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. ते वळून काही सांगणार, तर नाना गिअर टाकून निघालेले. मागून "पकडा रे, चष्मावाला!" असा आवाज येत राहिला. फाटकात थांबलेल्या दोन रिक्षा, एक बस आणि हायस्कूलच्या सहावीतल्या मुलींचा एक घोळका या सगळ्यांनी चष्मावाल्याला नीट पाहून घेतलं. माप परत करायला त्यांना शेवटी संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून जावं लागलं, आणि बाईने ते घेताना "गरज असेल तर मागून न्यायचं, भाऊ," असं समजुतीने सांगितलं. ते त्यांना चोर म्हणण्यापेक्षा जास्त लागलं.

ऑफिसात भाऊ नव्हते हे एक बरं होतं. पण अधीक्षकांच्या खोलीत शिरताना दाराशीच लोखंडी कपाट होतं. पिशवीने झोपे यांच्या हाताला हिसका दिला आणि धाडकन कपाटाच्या अंगाला जाऊन बसली. झोपे यांनी ओढलं, नानांनी ओढलं. उखर्डू, जो ऑफिसच्या वेळेत सहसा कशालाही हात लावत नसे, त्याने नानांच्या कमरेला धरून ओढलं. कपाट दोन पावलं पुढे चालत आलं, पण चुंबक सुटेना. शेवटी उखर्डूने कपाटाला पाय लावला आणि तिघेही चुंबकासकट जमिनीवर आले.

मग नानांनी जर्मनच्या सगळ्या अंगावरून चुंबक फिरवलं. पोटावरून, पाठीवरून, कडेने, म्हशीला तेल लावावं तसं. झोपे मागून "अजून एकदा, नाना, खालच्या अंगाला," म्हणत होते. उखर्डूला वाटलं विकण्याआधी मशीनची दृष्ट काढतायत, म्हणून त्याने जाऊन मीठ-मोहऱ्या आणल्या. झोपे यांनी त्याही ओवाळू दिल्या.

संध्याकाळी रुपचंदचा टेम्पो आला. जर्मन दोरखंडाने बांधला गेला, फाटकातून बाहेर पडला, आणि झोपे यांनी कितीतरी वेळाने पोटभर श्वास घेतला. त्या रात्री ते आडनावाला जागले.

शनिवारी सकाळी बन्सीलालभाऊ प्रसन्न चेहऱ्याने आले. "झोपे, आज ग्रंथ छापखान्यात द्यायचा. काढा तुमच्या फ्लॉप्या."

'बन्सीचे सूर' हा ग्रंथ झोपे यांनी स्वतः, ऑफिस सुटल्यावर बसून कॉम्प्युटरवर टाइप केला होता आणि फक्त फ्लॉप्यांवर ठेवला होता. त्यातले लेख जिल्ह्यातल्या मोठमोठ्या माणसांचे होते. 'मी पाहिलेले भाऊ', 'भाऊ : एक वटवृक्ष', 'भाऊंच्या सावलीत' असे. मजकूर मात्र भाऊंच्या घरून यायचा, आणि त्याची जर्मनवर काढलेली झेरॉक्स भाऊ झोपे यांना देत. जिल्ह्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं अक्षर एकसारखंच कसं, आणि तेही मंडळाच्या इतिवृत्तावर भाऊ सही करतात त्या वळणाचं कसं, हे झोपे यांच्या लक्षात आलं होतं. पण नोकरीत लक्षात आलेलं सगळंच लक्षात ठेवायचं नसतं. लेख टाइप झाला की भाऊ झेरॉक्सही परत मागून घेत आणि फाडून टाकत. मूळ कागद तर आधीच फाडलेले. ज्यांच्या नावाचे लेख होते, त्यांनी ते अजून वाचलेही नव्हते.

झोपे यांनी लोखंडी कपाट उघडलं. फ्लॉप्या आतल्या खणात, कपाटाच्या अंगाला टेकून ओळीने उभ्या होत्या. त्यांनी पहिली कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटर घुर्र घुर्र करत राहिला आणि मग फ्लॉपी वाचता येत नाही म्हणाला. दुसरी. तीच गत. तिसरी घालताना झोपे यांची नजर कपाटाच्या पत्र्यावर गेली, जिथे काल पिशवी बसली होती. मग त्यांनी चौथी घातलीच नाही. ते हळूच खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"भाऊ, सूर गेले," झोपे म्हणाले.

भाऊंना ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की झोपे यांना आपली नोकरी, तिच्यामागे पेन्शन आणि पेन्शनच्या मागे प्रमिलाबाई एकापाठोपाठ एक जाताना दिसल्या. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो. झोपे यांच्या तोंडून निघून गेलं, "जर्मनमध्ये असेल, भाऊ! तुमचे सगळे कागद त्याच्यावरच काढलेत. त्याच्या पोटात हार्ड डिस्क आहे!"

"मग बसलात काय? जीप काढा!"

एरंडोलच्या पुढे गेल्यावर झोपे यांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. जर्मनचं पोट साफ झालं असेल, तर गौरवग्रंथ गेला आणि आपण मेलो. साफ झालं नसेल, तर गौरवग्रंथ आहे आणि शेजारीच सात शाळांचे पेपरही आहेत, आणि आपण मेलो. रस्त्याच्या कडेला मारुतीचं देऊळ आलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. पण मागायचं काय? डिस्क अर्धी जिवंत ठेव आणि अर्धी मार, असा नवस आजवर मारुतीलाही कुणी बोलला नसेल. त्यांनी नुसतं "बघ बाबा," म्हटलं. शेजारी भाऊ डोळे मिटून पुटपुटत होते. ते काय मागत होते कोण जाणे, पण तेही मधेच थांबून कपाळाचा घाम पुसत होते.

पारोळ्याला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रुपचंदच्या दुकानासमोर पोरापोरींची गर्दी होती. परीक्षेच्या आधीचा शनिवार म्हणजे झेरॉक्सवाल्याची दिवाळी. जर्मन मधोमध उभा, त्याच्यावर झेंडूचा हार.

"या या! मी आज सकायमाच हिरवं बटन दाबी पाहं," रुपचंद अभिमानाने म्हणाला. "काय मस्त चालस! आते पिवळं देखा."

"थांब!" झोपे ओरडले.

पण रुपचंदने दाबलं होतं. जर्मन किंचाळला, थरथरला, आणि मग इतक्या शांतपणे कागद बाहेर टाकू लागला की जणू बोलावण्याचीच वाट पाहत होता. चुंबकाने त्याचं काहीही बिघडवलं नव्हतं. नानांच्या हातून काही न बिघडण्याची ही पहिलीच खेप होती.

पहिला कागद: 'इयत्ता नववी. बीजगणित. वेळ दोन तास.'

झोपे यांनी झेप घेतली. पन्नाशीच्या पुढे, पोट असलेल्या माणसाने घ्यावी तशी ती होती, पण झेपच. त्यांनी बीजगणित शर्टात कोंबलं. मागून भूगोल आला, तोही कोंबला. आठवीचा इतिहास इतका गरम होता की पोटाला चटका बसला. तेवढ्यात बीजगणिताचं दुसरं पान उडून एका दोन वेण्यांच्या मुलीच्या हातात गेलं.

"हाई काय शे, भाऊ?" तिने रुपचंदला विचारलं.

"संभाव्य प्रश्नसंच व्हई. फुकट शे, लई जाय!"

मुलीने पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि नाक मुरडलं. "नको. इतलं अवघड आमना सर कधी काढतस नही." तिने पान परत ठेवलं आणि आपल्या वहीची झेरॉक्स मागितली. झोपे यांनी ते पानही शर्टात टाकलं. अपमान गणिताच्या सरांचा झाला होता की मान, हे ठरवायला वेळ नव्हता.

कारण आता जर्मनने मोठी माणसं बाहेर काढायला सुरुवात केली होती. 'भाऊ : एक वटवृक्ष'. भाऊंनी आनंदाने पान उचललं, वाचलं, आणि त्यांचा आनंद मावळला. ते त्यांच्या स्वतःच्या अक्षरातलं होतं. खाली नाव जिल्ह्यातल्या एका माजी प्राचार्यांचं. वर समासात त्यांच्याच अक्षरात: 'इथे अजून थोडी स्तुती वाढवावी.' पुढचं पान 'भाऊंच्या सावलीत'. त्याच्या समासात: 'हे फार झालं का? नाही, राहू द्या.'

"हाई तं भाऊसाहेबनं अक्षर शे!" रुपचंद कौतुकाने म्हणाला. पारोळ्याच्या हायस्कूलच्या प्रत्येक निकालपत्रकावर ते अक्षर होतं.

"बंद करा!" भाऊ ओरडले आणि त्यांनीही झेप घेतली. आता मंडळाचे सचिव आणि अधीक्षक एकाच मशीनसमोर खांद्याला खांदा लावून उभे होते. एक वटवृक्ष बंडीत कोंबत होता, दुसरा भूगोल शर्टात. दोघांचेही हात एकाच कागदावर पडत, दोघेही "तुमचा का माझा?" अशा नजरेने बघत आणि ज्याचा असेल तो हिसकावून घेई. मधेच कुणाचं तरी रेशनकार्ड आलं, उखर्डूच्या भाचीची कुंडली आली. लाल बटण दाबलं तरी जर्मन थांबेना. पोरं टाळ्या वाजवत होती. रुपचंद "माले काय माहीत कसं बंद करानं!" म्हणत मशीनभोवती फिरत होता.

आणि मग एक पान आलं, ज्यावर अक्षर नव्हतं. नुसता एक मोठा, गोल, चकचकीत पांढरा गोळा. भोवती काळ्या किरणांसारख्या बारीक रेषा.

ते झोपे यांचं डोकं होतं.

गेल्या दिवाळीत न्हाव्याने त्यांना "साहेब, मागे टक्कल बशीएवढं झालंय," असं सांगितलं होतं. झोपे यांना ते पटलं नव्हतं, आणि मागचं आरशात दिसत नव्हतं. तेव्हा एका निवांत दुपारी त्यांनी दार लावून, जर्मनसमोर गुडघे टेकून, काचेवर डोकं ठेवून हिरवं बटण दाबलं होतं. ती बशी नव्हती, ताट होतं. तो कागद त्यांनी त्याच दिवशी जाळला होता आणि राख दोनदा ढवळली होती.

त्यांनी हात पुढे केला, पण भाऊंचा हात आधी पोचला. भाऊंनी न बघताच पान बंडीत कोंबलं आणि पुढच्या पानावर तुटून पडले. "भाऊ, तुमच्या बंडीत माझं डोकं आहे," हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच मेलं.

दुकानातला कागद संपला तेव्हाच जर्मन थांबला. सगळीकडे एकदम शांत झालं. दोघांचीही पोटं नवव्या महिन्यातल्यासारखी पुढे आली होती.

"रुपचंद," भाऊ धापा टाकत म्हणाले, "ती डिस्क काढ."

रुपचंद आधी कुरकुरला. पण भाऊंनी त्याच्याकडे कार्यकारिणीच्या सभेत विरोधकाकडे बघावं तसं बघितलं, तेव्हा त्याने पेचकस आणला. डिस्क निघाल्यावरही जर्मन नुसती झेरॉक्स काढायला तयार आहे, आणि पहिल्यापेक्षा जलद काढतो, हे बघून तर तो खूशच झाला. किल्ल्यापाशी एका लोहाराचं दुकान होतं. डिस्क फोडल्यावर आतून आरशासारख्या लखलखीत चकत्या निघाल्या. भाऊंनी पहिला घण घातला, झोपे यांनी दुसरा. चकत्या वाकल्या, मुडपल्या, चपट्या झाल्या. मग लोहाराने त्या भट्टीत टाकल्या आणि दोघे तिथेच उकिडवे बसून त्यांचा गोळा होईपर्यंत बघत राहिले.

"नीट गेलं ना, झोपे?"

"पाटीही गेली आणि भाडेकरूही, भाऊ."

भाऊंना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर दोघांनीही एकमेकांच्या पोटाकडे पाहिलं नाही. फक्त एरंडोल आल्यावर झोपे म्हणाले, "भाऊ, नववीचं बीजगणित बदलावं म्हणतो. जरा अवघड निघालंय."

"बदला," भाऊ म्हणाले. कारण विचारलं नाही. रविवारी गणिताच्या सरांना घरून उठवून झोपे यांनी नवा पेपर करून घेतला आणि जुन्या, हाताने फिरवायच्या सायक्लोस्टाइल मशीनवर स्वतः छापला. हातांना लागलेली शाई आठवडाभर गेली नाही. परीक्षा सुरळीत पार पडली. शाई पाहून प्रमिलाबाईंनी पुन्हा रॉकेलचं फडकं सुचवलं, आणि या वेळी ते उपयोगी पडलं.

आखाजीच्या दिवशी 'बन्सीचे सूर' थाटात प्रकाशित झाले. मांडवात हजारभर माणूस. घरोघरी आंब्याचा रस झालेला, तेव्हा अर्धे लोक ऐकत होते आणि अर्धे पेंगत होते. झोपे आणि प्रमिलाबाई तिसऱ्या रांगेत होते. ग्रंथ हातोहात वाटला गेला. झोपे यांनी मधलं पान उघडलं आणि ते तसंच मिटलं.

बंडीतले कागद भाऊंनी होते तसे छापखान्यात दिले होते. छापखानेवाल्याला लेखांमध्ये एक चित्र सापडलं. त्याने ते काळजीपूर्वक, गुळगुळीत कागदावर, पूर्ण पानभर छापलं होतं. खाली ठळक अक्षरांत मथळा होता: 'कार्यतेजाचा उगवता सूर्य'.

प्रमुख पाहुणे विद्यापीठातून आले होते. त्यांनी ग्रंथ उंच धरून सगळ्या मांडवाला ते पान दाखवलं.

"या चित्राकडे बघा!" ते म्हणाले. "किती कमी रेषा, आणि केवढं तेज! कुठे डोंगर नाही, झाड नाही. फक्त प्रकाश! हा चित्रकार कोण, हे ग्रंथात कुठेही दिलेलं नाही. खरा कलावंत असाच पाठीमागे राहतो!"

व्यासपीठावर भाऊंनी विनयाने डोळे मिटले. प्रमिलाबाईंनी मात्र आपल्या हातातलं पान डोळ्यांजवळ नेलं. मग दूर धरलं. मग त्यावरच्या एका बारीकशा खळग्यावर बोट ठेवलं, आणि तेच बोट नवऱ्याच्या मागच्या बाजूला नेऊन टेकवलं.

"अहो," त्या कुजबुजल्या, "इथे तर मी दर रविवारी तेल लावते!"

"हळू बोल."

"पण हे इथे आलं कसं?"

तेवढ्यात पाहुणे गरजले, "या अनाम सूर्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत!" आणि हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. पेंगणारेही जागे होऊन वाजवू लागले. टाळ्या थांबेनात.

लीलाधर झोपे यांच्या सबंध नोकरीत त्यांच्यासाठी कुणी एकही टाळी वाजवली नव्हती. त्यांच्या छातीत काहीतरी फुगत फुगत वर आलं. काय होतंय हे कळायच्या आत ते खुर्चीतून अर्धे उठले, हात जोडले, आणि डोकं खाली घालून त्यांनी चारी बाजूंना नमस्कार केला. मागच्या रांगेतली माणसं टाळ्या वाजवायची थांबली. त्यांनी हातातल्या पानाकडे बघितलं, मग समोर बघितलं, मग पुन्हा पानाकडे.

प्रमिलाबाईंनी शर्टाला धरून त्यांना खाली ओढलं आणि पदराचं टोक त्यांच्या डोक्यावर टाकलं.